पाणी शुद्ध, वाट अशुद्ध

नळाला येणारें पाणी सरकारी आहे, म्हणून तें चांगलेंच असलें पाहिजे, असें मानणारे कांहीं लोक आमच्या उपनगरांत आहेत. आणि नळाचें पाणी म्हणजे रोगाचें मूळ, असें ठरवून पंधरा-वीस हजारांचें यंत्र स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगल्याशिवाय ज्यांस स्वस्थता वाटत नाहीं, असेहि पुष्कळ आहेत. दोघांत साम्य इतकेंच, कीं पाणी तपासून पाहण्याची तसदी दोघांपैकीं कोणीच घेतलेली नसते. नाहूरसारख्या ठिकाणीं ही स्थिति विशेष चमत्कारिक वाटते. भांडुप व मुलुंड यांच्या मध्यें वसलेल्या ह्या वस्तीस २००६ सालीं रेल्वे स्टेशन मिळालें, कारखान्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या, आणि डोंगराच्या बाजूस थोड्याच अंतरावर, आशिया खंडांतील मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत ज्याची गणना होते, तें महापालिकेचें भांडुप संकुल उभें आहे. इतक्या जवळ पाणी गाळलें जात असतां आमचा गृहस्थ सकाळचा पहिला गढूळ तांब्या मोरींत ओततो, आणि शेजाऱ्यास विचारतो, “तुमच्याकडेहि असेंच आलें काय?” प्रश्न योग्य आहे, परंतु तो शेजाऱ्यापाशींच संपतो, ही आमची तक्रार आहे.

मुंबईचें पाणी मुळांत वाईट नाहीं. उलट, देशांतील मोठ्या शहरांपैकीं फारच थोड्यांच्या वांट्यास इतकें चांगलें पाणी आलें असेल. १८६० सालीं विहार तलावाची योजना पुरी झाली, १८७९ मध्यें तुळशी व १८९२ मध्यें तानसा यांचें पाणी मिळूं लागलें. पुढें मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा व भातसा यांची भर पडली, आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा धरण बांधून झालें. ह्या सात जलाशयांच्या वरच्या अंगास कोणतेंहि मोठें शहर नाहीं. पावसाचें पाणी डोंगर-जंगलांतून उतरून त्यांत सांठतें. दिल्लीस यमुनेचें किंवा इचलकरंजीस पंचगंगेचें पाणी घेतांना जी धास्ती बाळगावी लागते, ती मुंबईस उगमापाशीं बाळगावी लागत नाहीं. शहरास रोज जवळजवळ चारशें कोटी लिटर पाणी लागतें. शुद्धीकरण केंद्रांत त्यांत तुरटीच्या जातीचें द्रव्य घालून बारीक गाळाच्या गुठळ्या बनवितात, त्या तळीं बसल्या म्हणजे वरचें पाणी वाळूच्या थरांतून गाळतात, आणि शेवटीं क्लोरीन मिसळतात.

१६ नोव्हेंबर २०१९ रोजीं केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनीं देशांतील २१ शहरांच्या नळपाण्याचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हां मुंबईचे दहाच्या दहा नमुने कसोटीस उतरले आणि दिल्लीचे अकराच्या अकरा नापास झाले. त्या दिवशीं मुंबईंत जो आनंद झाला तो अगदींच अस्थानीं होता असें आम्ही म्हणत नाहीं. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें. पण त्यासाठीं भात एकाच भांड्यांत शिजलेला असावा लागतो. हजारों वाहिन्यांतून, लाखों टांक्यांतून, चाळींच्या व झोपड्यांच्या बोळांतून फिरणारें पाणी हें एका भांड्यांतलें अन्न नव्हे. दहा नळांनीं दहा नळांपुरती साक्ष दिली; अकराव्याबद्दल त्यांस कांहींच ठाऊक नाहीं.

खरी भानगड शुद्धीकरण केंद्राच्या फाटकाबाहेर सुरू होते. मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी दिवसांतून कांहीं तासच सोडतात. पाणी जोरानें वाहत असेल तेव्हां वाहिनीस भेग असली तरी पाणी बाहेर गळतें, बाहेरची घाण आंत शिरत नाहीं. परंतु व्हॉल्व्ह बंद होऊन दाब उतरला, कीं तीच भेग उलट काम करूं लागते. वाहिनीशेजारीं गटार असेल, सांधा झिजलेला असेल, तर गटाराचें पाणी आंत झिरपतें व दुसऱ्या दिवशीं नळ सुटतांच सर्वांच्या आधीं घरांत येतें. पहिल्या कांहीं मिनिटांचें पाणी गढूळ किंवा घाणेरड्या वासाचें असण्याचें एक कारण हें आहे. त्यांत आमच्याच कांहीं बंधूंनीं नळास थेट पंप जोडून पाणी ओढण्याची युक्ति काढली आहे. पंप शेजाऱ्याचें पाणी तर ओढतोच, पण वाहिनींतील दाब नाहींसा करून भेगांतून गटारहि ओढतो. आणि तें पाणी प्रथम पंपवाल्याच्याच टांकींत पडतें, हा त्यांतला न्याय म्हणावयाचा!

ह्यासाठींच शुद्ध पाण्यांत थोडें क्लोरीन जाणून-बुजून शिल्लक ठेवतात. भारतीय मानक १०५०० ह्याच्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणें तें नळाच्या तोंडाशीं लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम असलें पाहिजे. वाटेंत घाण शिरली तर तिच्याशीं झगडण्यांत हें क्लोरीन खर्च होतें. म्हणून नळाच्या पाण्यास क्लोरीनचा किंचित् वास आला तर नाक मुरडणारे आमचे वाचक चुकीच्या वेळीं नाक मुरडतात. रोज येणारा तो वास एकाएकीं बंद होणें हीच काळजीची गोष्ट होय. शिल्लक क्लोरीन तपासणें कांहीं कठीण नाहीं. नळाच्या पाण्यांत औषधाचे थेंब टाकावे, पाणी पिंवळें झालें तर क्लोरीन आहे. खेडोपाडींच्या ग्रामपंचायतींत ‘ओटी चाचणी’ ह्या नांवानें ती परिचित आहे. खेड्यांतील पाणीपुरवठा कर्मचारी जें करूं शकतो, तें तीस मजल्यांच्या सोसायटीच्या चिटणिसास अवघड कां वाटावें?

तथापि क्लोरीनवर भरंवसा ठेवून निर्धास्त होणेंहि चुकीचें आहे. १९५५-५६ च्या हिंवाळ्यांत दिल्लीस जेथून नदीचें पाणी घेतलें जाई तेथें सांडपाणी शिरलें. अधिकाऱ्यांनीं क्लोरीनची मात्रा वाढविली. विषमज्वराची साथ टळली, पण काविळीचे सुमारें २९ हजार रुग्ण झाले, कारण काविळीचा विषाणु त्या मात्रेस पुरून उरला. २०१२ सालीं इचलकरंजींत काविळीनें माणसें दगावलीं. २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गांव, किरकटवाडी ह्या भागांत ‘जीबीएस’ ह्या मज्जातंतूंच्या विकाराची साथ उद्भवली. पुणें परिसरांत मिळून रुग्ण व संशयित रुग्ण यांची संख्या दोनशेंवर गेली, कित्येक रुग्णांच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर नांवाचा जंतु आढळला, आणि तेथील विहिरीच्या व नळाच्या पाण्याची छाननी करावी लागली. शहराच्या कडेस नव्या इमारती झपाट्यानें उठतात आणि वाहिन्या मागाहून येतात, हें दृश्य नाहूरकरांस अपरिचित नाहीं.

उगमाजवळची यंत्रणाहि अभेद्य आहे असें नाहीं. १८ जुलै २०२१ च्या पहाटे झालेल्या पावसानें भांडुप संकुलांतच पाणी शिरलें, पंप व शुद्धीकरणाचीं यंत्रें बंद पडलीं, आणि पाणी उकळून प्यावें असें मुंबईकरांस सांगण्याची पाळी महापालिकेवर आली. २०२३ सालीं ठाण्यांत कूपनलिकेसाठीं केलेल्या खोदकामानें भांडुप संकुलाकडे पाणी आणणाऱ्या भूमिगत बोगद्यास इजा झाली. त्याच्या दुरुस्तीसाठीं ३१ मार्चपासून महिनाभर १५ टक्के पाणीकपात जाहीर करावी लागली. खाजगी मनुष्यानें आपल्या जागेंत भोंक पाडावें आणि त्याचा दंड लाखों घरांनीं भरावा, असा हा प्रकार झाला.

येवढें सगळें असतां आमचा सुशिक्षित ग्राहक पाहतो काय, तर टीडीएस. विक्रेता घरीं येतो, लेखणीयेवढें यंत्र पाण्यांत बुडवितो, आंकडा दाखवितो, आणि गृहस्थ घाबरून आरओ यंत्र घेतो. टीडीएस म्हणजे पाण्यांत विरघळलेल्या क्षारांची एकंदर बेरीज. मानकाप्रमाणें लिटरमागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत ती स्वीकार्य आहे, आणि तलावांतून येणारें मुंबईचें पाणी ह्या मर्यादेच्या कितीतरी खालीं असतें. क्षार मोजणारें तें यंत्र जंतूंविषयीं मुकें आहे. गटाराचा चमचाभर अंश तांब्यांत पडला तरी आंकडा बहुधा हलणार नाहीं. आरओ यंत्र जंतु रोखतें हें कबूल, परंतु जे क्षार मुळांत थोडे आहेत ते काढण्यासाठीं तें लिटरभर पाण्यामागें कित्येकदां दोन-तीन लिटर मोरींत सोडतें. राष्ट्रीय हरित लवादानें २०१९ च्या मे महिन्यांत, जेथें टीडीएस ५०० हून कमी तेथें अशीं यंत्रें वापरूं देऊं नयेत, असा निर्देश दिला होता. कूपनलिकेचें किंवा टँकरचें खारें पाणी पिणाऱ्यांची गोष्ट निराळी. तलावाच्या पाण्यास मात्र शंका आली असतां खळखळून उकळणें हा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. जंतु त्यानें मरतात. शिसें मात्र जात नाहीं, हेंहि सांगून ठेवतों. २०१४ सालीं अमेरिकेंतील फ्लिंट शहरानें खर्च वांचविण्यासाठीं पाण्याचा उगम बदलला, वाहिन्यांची झीज रोखणारें द्रव्य त्यांत घातलें नाहीं, आणि जुन्या वाहिन्यांतील शिसें लोकांच्या पोटांत गेलें. शिशाची मर्यादा आमच्या मानकांत लिटरमागें ०.०१ मिलिग्रॅम आहे. तें डोळ्यांस दिसत नाहीं कीं जिभेस कळत नाहीं, प्रयोगशाळेवांचून गत्यंतर नाहीं.

महापालिकेचा नळ इमारतीच्या आवारांत आला, म्हणजे पुढची वाट आपली स्वतःची. जमिनींतील टांकी, तेथून पंपानें गच्चीवरील टांकी, तेथून खालीं घरोघरीं, असा तिचा क्रम आहे. ज्या सोसायटींत दिवाळीच्या रोषणाईवर दोन सभा गाजतात, तेथें टांकी शेवटची केव्हां धुतली, ह्याचें उत्तर पहारेकऱ्यास विचारावें लागतें. जमिनींतील टांकीचें झांकण पार्किंगच्या चिखलांत बुडालेलें, शेजारून मैलापाण्याची वाहिनी गेलेली, ही रचना आम्ही अनेक ठिकाणीं पाहिली आहे. अशा इमारतींत आजार झाला कीं दोष महापालिकेचा!

परंतु महापालिकेचा दोष नाहींच, असा ह्याचा अर्थ कोणी करूं नये. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यानें पाणीपुरवठा हें तिचें बंधनकारक कर्तव्य ठरविलें आहे, आणि तें कर्तव्य पक्क्या इमारतींपुरतें नाहीं. ज्यांस रीतसर जोडणी मिळत नाहीं ते गटारांतून बारीक नळ्या ओढून पाणी मिळवितात. त्या नळ्या फुटल्या कीं प्रथम त्यांचीं मुलें आजारी पडतात, आणि दाब उतरतांच त्याच वाहिनीवरील इतर सर्वांच्या घरीं ती घाण पोंचते. १५ डिसेंबर २०१४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें पाणी हक्क समितीच्या अर्जावर निर्णय देतांना, २००० सालानंतरच्या झोपड्यांतील लोकांसहि पाणी मिळण्याचा हक्क जगण्याच्या हक्कांतच अंतर्भूत आहे, असें मानलें. २०२२ सालीं महापालिकेनें ‘सर्वांसाठीं पाणी’ हें धोरण जाहीर केलें. करदात्यांपैकीं ज्यांस हें धोरण म्हणजे बेकायदा वस्तीचें लाड वाटतें, त्यांनीं स्वार्थाच्याच दृष्टीनें विचार करावा: गटारांतील चोरटी नळी बंद करून तिच्या जागीं पक्की जोडणी दिल्यानें त्यांचाहि नळ सुरक्षित होतो.

महापालिका नमुने घेत नाहीं असें नाहीं. तिचे लोक विभागोविभागीं नमुने गोळा करतात, दादरच्या प्रयोगशाळेंत ते तपासले जातात, आणि वार्षिक पर्यावरण अहवालांत पिण्यास अयोग्य नमुन्यांचें शेंकडा प्रमाण छापलें जातें. पण वर्ष उलटल्यावर छापलेला सरासरी आंकडा त्या दिवशीं पाणी प्यालेल्या माणसाच्या काय उपयोगाचा? आमची मागणी साधी आहे. कोणत्या गल्लींतील नमुना कोणत्या तारखेस घेतला, शिल्लक क्लोरीन किती होतें, ई. कोलाय आढळला किंवा नाहीं, आणि नापास ठरल्यावर कोणती वाहिनी उकरली, हें आठवड्याच्या आठवड्यास विभाग कार्यालयाच्या फळ्यावर व स्टेशनाबाहेर लागावें. मार्च २०२२ मध्यें नगरसेवकांची मुदत संपून पुढें तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा अंमल राहिला. त्या काळांत अशी मागणी कोणापुढें करावी हाच प्रश्न होता. नाहूरच्या व्यापाऱ्यांनीं व सोसायट्यांनीं मिळून हा अर्ज करावा, आणि अर्जासोबत आपापल्या टांक्या धुतल्याची तारीख व ओटी चाचणीची नोंद जोडावी, म्हणजे कार्यालयांतून पहिला उलट प्रश्न जो येईल त्याचें उत्तर आधींच दिलें जाईल.