कोणत्या मुली डॉक्टर होतात?



१८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाई जोशींनी आपण अमेरिकेला वैद्यक शिकायला का जातो आहोत, ते सांगितलं. बाया पुरुष डॉक्टरपुढे दुखणं बोलत नाहीत, म्हणून या देशाला स्त्री-डॉक्टर हव्यात, हे त्याचं सार. ऐकणारं माणूस कोण, यावरही उपचार अवलंबून असतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

आज वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींची वाण नाही. पण कोणत्या मुली तिथवर पोचतात?

वस्तीतल्या बायांबरोबर मी दवाखान्यात जाते. बाई खाली मान घालून म्हणते, 'अंग बाहेर येतंय.' शहरात, इंग्रजी शाळेत वाढलेल्या तरुण डॉक्टरणीला याचा अर्थच लागत नाही. पुढचे प्रश्न राहून जातात. बाई शक्तीच्या गोळ्या घेऊन परतते. खाली सरकलेलं गर्भाशय तसंच राहतं. डॉक्टरीण वाईट नसते. ही भाषा बोलणारी एखादी वर्गमैत्रीण तिला असती, तर ती सहज शिकली असती. म्हणून वर्गात सगळ्या थरांतल्या मुली असणं ही कुणावर मेहेरबानी नव्हे. ती रुग्णांची गरज आहे.

राखीव जागा म्हटलं की 'गुणवत्ता' आडवी येते. 'नीट'च्या गुणांत शिकवणीची फी आणि अभ्यासाची वेगळी खोलीही दडलेली असते. पुन्हा परीक्षेला बसायला मुलाला आणखी एक वर्ष मिळतं. मुलीला 'आता पुरे' ऐकावं लागतं. केवळ परीक्षेचे गुण म्हणजे गुणवत्ता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेही २० जानेवारी २०२२ च्या निकालात म्हटलं आहे. तमिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांतल्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या.

प्रवेशानंतरचं काय? स्त्रीरोगशास्त्र शिकणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी मुंबईत आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर आहे. त्या तिघीही स्त्रिया आहेत. नुसतं 'आपण साऱ्या बाया' म्हणून भागत नाही, हे आपल्या चळवळीनेही लक्षात ठेवायला हवं.

जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात गटाने जा. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुली किती, वसतिगृहात त्यांना कसं वागवतात, तक्रार कुणाकडे करायची हे त्यांना ठाऊक आहे का, हे विचारा. काय दिसलं ते आम्हाला लिहा. पुढच्या अंकात छापू.