उद्घाटन झाले, चाचणी केव्हा?

नव्या सार्वजनिक इमारतीच्या उद्घाटनाचा सोहळा आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. मांडव पडतो, कोनशिलेवरील पडदा दूर होतो, फीत कापली जाते आणि काम वेळेत पुरे केल्याबद्दल कंत्राटदाराला शाल-श्रीफळ मिळते. पाहुण्यांच्या मोटारी निघून गेल्यावर त्या इमारतीत रोज वावरणाऱ्यांचा संसार सुरू होतो. मग हळूहळू उमगू लागते की, लिफ्ट आहे, पण वीज गेली की ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. जनरेटर आहे, पण त्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे हे कोणास ठाऊक नाही. भिंतीवर अग्निशमनाचे लाल नळ आहेत, पण त्यांतून पाणी आल्याचे कोणी पाहिलेले नाही. इमारत उभी राहिली, हे खरे. परंतु ती चालती झाली काय, हा प्रश्न त्या मांडवात कोणी विचारलाच नव्हता.

वस्तुतः इमारत बांधणे आणि ती कार्यान्वित करणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुसऱ्या गोष्टीला अभियंते ‘कमिशनिंग’ म्हणतात. हा शब्द बांधकामाच्या क्षेत्रात आला तो जहाजांच्या परिभाषेतून. ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेचे कोचीन येथे जलावतरण झाले ते ऑगस्ट २०१३ मध्ये. पण म्हणून ती लगेच नौदलाच्या स्वाधीन झाली नाही. आतील यंत्रसामग्री बसल्यावर ऑगस्ट २०२१ पासून पुढील जुलैपर्यंत तिच्या समुद्रावर टप्प्याटप्प्याने चाचण्या झाल्या आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली. चाचणीवाचून नौका स्वीकारावी, असे कोणी सुचविले तर आपण त्यास वेड्यात काढू. इमारतींच्या बाबतीत मात्र आपण जलावतरणालाच सर्वस्व मानतो आणि सागरी चाचणी वापरणाऱ्यांच्या नशिबावर सोपवितो.

परदेशांतील दोन धडे

हा दोष केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. काटेकोरपणाबद्दल ख्याती असलेल्या जर्मनीत बर्लिनचा नवा विमानतळ ३ जून २०१२ रोजी सुरू व्हायचा होता. जुन्या विमानतळावरून बिऱ्हाड हलविण्याची सिद्धताही झाली होती. अवघे काही आठवडे उरले असता, ८ मे रोजी उद्घाटन रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले. आग लागल्यास धूर बाहेर खेचणारी यंत्रणा विश्वासाने चालेल अशी हमी कोणी देऊ शकत नव्हते. पंखे, झडपा, धोक्याच्या घंटा आणि स्वयंचलित दारे ही सर्व एका इशाऱ्यासरशी एकत्र चालावयास हवी होती. ती तशी चालत नव्हती. तात्पुरता उपाय म्हणून शेकडो माणसे नेमून त्यांच्याकरवी दारे उघडावीत, अशीही एक योजना पुढे आली होती. ती मान्य झाली नाही, हे त्या अधिकाऱ्यांचे भूषणच म्हणावे लागेल. विमानतळ सुरू झाला ३१ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे आठ वर्षांहून अधिक विलंबाने.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील मुलांच्या रुग्णालयाचे. इमारत फेब्रुवारी २०१९ मध्ये ताब्यात घेण्यात आली. जुलैमध्ये रुग्ण हलवावयाचे ठरले असता अवघे पाच दिवस आधी आरोग्यमंत्र्यांनी ते थांबविले. अखेरच्या चाचणीत असे आढळले होते की, अतिदक्षता विभागातील हवा तासाला दहा वेळा बदलली जावयास हवी, तेथे ती चारच वेळा बदलत होती. चौकशीत या चुकीचा माग २०१२ सालच्या एका तक्त्यापर्यंत जाऊन पोहोचला. साध्या खोल्यांसाठीचा आकडा अतिदक्षता विभागाच्या रकान्यात उतरविला गेला होता. कचेरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ही चूक अपरिचित वाटणार नाही. तो आकडा सात वर्षे अनेक टेबलांवरून फिरला, त्याबरहुकूम नळ्या बसल्या, छत बंद झाले. प्रत्यक्ष हवा मोजली तेव्हाच चूक उघडकीस आली. रुग्णालय पूर्णपणे सुरू व्हावयास मार्च २०२१ उजाडला.

या दोन्ही घटनांत नाचक्की झाली, पैसा गेला; परंतु चाचणी झाल्यामुळे धोका आधीच कळला. आपल्याकडे चाचणी अनेकदा प्रसंगच घेतो. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागली आणि दहा अर्भके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी त्या वेळच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आगीने अकरा रुग्णांचा बळी घेतला. धूर दिसताच घंटा वाजते काय, ती ऐकून कोणी धावून येईल काय, धूर कोठून बाहेर जाईल, पाळण्यातील बाळे कोणत्या दाराने हलवावयाची, हे प्रश्न आग लागण्यापूर्वी विचारावयाचे असतात. चौकशी समितीपुढे नव्हे.

चाचणी कशी असावी

चांगली पद्धत काही गूढ नाही. पहिली गोष्ट ही की, चाचणीचा आरंभ शेवटी होत नसून आराखड्याच्या वेळीच होतो. कोणत्या खोलीत किती हवा, किती वीज, किती दाबाचे पाणी हवे हे इमारत वापरणाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे आणि पुढील प्रत्येक टप्पा त्या कागदाशी ताडून पाहावा. दुसरी गोष्ट, जे झाकले जाणार ते झाकण्यापूर्वी तपासावे. गिलावा चढण्यापूर्वी नळांवर दाब देऊन गळती पाहणे हे अर्ध्या दिवसाचे काम. तीच गळती फरशीखाली सापडली तर ते महिन्याचे काम होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. पंप चालतो, पंखा फिरतो, घंटा वाजते, असे सुटे दाखले पुरेसे नाहीत. मुख्य वीज मुद्दाम बंद करून पाहावी. जनरेटर किती सेकंदांत भार घेतो? त्याच वेळी धोक्याची घंटा दिली तर लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडते काय? अग्निशमनाचा पंप सुरू होतो काय, आणि सर्वांत वरच्या मजल्यावरील नळाला पाणी येते काय? बर्लिनला अडचण आली ती नेमकी या एकत्र चालण्यातच. चौथी गोष्ट, ही परीक्षा कंत्राटदाराने स्वतःची स्वतः घेऊ नये. ती घेणारा मालकाला उत्तरदायी असावा. परीक्षार्थीनेच उत्तरपत्रिका तपासावी, हे शिक्षकांना पटेल काय? आणि अखेरीस, जो माणूस ती यंत्रे उद्या चालविणार, तो आज चाचणीला हजर असावा. त्याला नकाशे व किल्ल्या मिळाव्यात; आणि कंत्राटदाराची दोष-दुरुस्तीची मुदत संपण्यापूर्वी एकदा भर उन्हाळ्यात व एकदा पावसाळ्यात पुन्हा तपासणी व्हावी.

यावर आक्षेप येईल की, यास वेळ आणि पैसा लागतो. लागतोच. परंतु निविदेत या कामाचा वेगळा रकाना नसतो, म्हणून ते सर्वांत कमी दरात विरून जाते. आणि पायाभरणीला झालेला उशीर भरून काढावयाचा झाला की कात्री लागते ती शेवटच्या आठवड्यांना, म्हणजे चाचणीलाच. तेव्हा चाचणीची रक्कम व तिचे दिवस निविदेतच राखून ठेवावेत आणि उद्घाटनाची तारीख चाचणीचा अहवाल हाती आल्यावरच ठरावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने, अग्निशमनाची साधने सुस्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारी व जुलैमध्ये देण्याचे बंधन मालकावर घातले, हे योग्यच झाले. पण जी यंत्रणा पहिल्या दिवशीच एकदाही चालवून पाहिलेली नाही, तिच्या सुस्थितीचा दाखला तो कशाचा?

हे काम केवळ अभियंत्यांचे नव्हे. शाळेचे मुख्याध्यापक, कचेरीचे अधीक्षक, रुग्णालयाचे शल्यचिकित्सक हे इमारतीचा ताबा घेताना सही करतात. त्यांनी त्या सहीपूर्वी एवढेच म्हणावे : आधी वीज बंद करून दाखवा, घंटा वाजवून दाखवा, वरच्या मजल्यावर पाणी आणून दाखवा, मग सही. या आग्रहापायी एखादा समारंभ महिनाभर पुढे गेला, तर त्यात कोणाचेही काही बुडणार नाही.