बाप परत आला, पोर पहिल्यांदाच आले

शेतकरी बंधूंनो, भातावरच्या करप्याबद्दल लिहायचे सोडून हा शेतीखात्याचा माणूस पोराबाळांच्या गोष्टी काय सांगत बसला, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. करप्यावर पुढच्या वेळी लिहीन. आज जे लिहितो आहे तेही गावातलेच आहे आणि त्यात तुमच्या-माझ्यासारख्यांची चूक आहे.

माझ्याकडच्या एका गावात मे महिन्यात एक कुटुंब कुवेतहून कायमचे आले. बाप तिथे बारा वर्षे एसी दुरुस्तीच्या कामावर होता. मुलगा नऊ वर्षांचा, जन्म तिथलाच. सगळा गाव म्हणाला, "आले एकदाचे परत." मीही म्हणालो. पण नीट बघा, परत आला तो बाप. त्याला पाणंद माहीत, विहीर माहीत, कुणाच्या वाटेला जायचे नाही तेही माहीत. पोर पहिल्यांदाच आले आहे. पूर्वी दोनदा सुट्टीत आले होते, पण तेव्हा ते पाहुणे होते. पाहुण्याला कोणी शेणाला हात लावायला सांगत नाही.

कुवेतमध्ये वर्षभरात साधारण शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या वर. त्यांचा वर्षाचा पाऊस आपल्याकडे एका रात्रीत होतो. जूनमध्ये कौलांवर असा पाऊस कोसळायला लागला, त्यात वीज गेली, तर पोर आजीला घट्ट धरून बसले. सकाळी गावाला हसायला विषय मिळाला. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. इथे शुक्रवारी सकाळी ते अंथरुणातून उठेना, तर त्याला आळशी ठरवले. बोलते ते हिंदी-इंग्रजी, घरातली बोली समजते पण जीभ वळत नाही.

आणि आपण काय करतो? "काय रे, इंग्रजी बोल बघू!" खोटे कशाला सांगू, पहिल्या भेटीत मीही हेच म्हणालो. चारचौघांत. पोराने बापाकडे पाहिले, मान खाली घातली आणि आत निघून गेले. तमाशातल्या माकडासारखे आपण त्याला उभे केले, हे मला घरी जाताना गाडीवर लक्षात आले.

आता कागदांचे बघा. शाळेत नाव घालायला गेले तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला मागितला. ग्रामपंचायतीत सांगितले, जन्म आमच्या नोंदवहीत नाही. वकिलातीचा जन्मदाखला आणि पासपोर्ट हातात घेऊन बाप पंधरा दिवस दोन्हीकडे हेलपाटे घालत होता. वर सल्ला मिळाला की मराठी येत नाही, दोन इयत्ता खाली बसवा. नऊ वर्षांच्या पोराला सात वर्षांच्या पोरांत!

भाऊसाहेब, गुरुजी, रागावू नका, पण कायदा असा नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, कलम २०. परदेशातल्या भारतीय वकिलातीत झालेली जन्मनोंद ही याच कायद्याखाली झालेली नोंद मानली जाते. तिथे नोंद राहिली असेल आणि आईबाप कायमचे राहायला आले असतील, तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथे नोंद करता येते. त्यानंतर उशिराच्या नोंदीची रीत आहे, तीही बंद नाही. आणि शाळेचे म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. टी.सी. यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग आणि मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षण हे त्याच कायद्याचे तत्त्व आहे. इंग्रजी माध्यमात घालून मराठी चुकवू म्हणाल तर तेही नाही, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी आलेच.

विदेशी पासपोर्टवर आलेल्या मुलांचे निराळे. त्यांना ओसीआय कार्ड लागते, शेतजमीन वारसाने मिळते पण विकत घेता येत नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक पोरे आखातातून येतात. तिथे जन्मले म्हणून तिथले नागरिकत्व मिळत नाही, ती भारतीयच असतात. आणि हे आजचे नाही. १९९० साली इराकने कुवेत घेतले तेव्हा एक लाख सत्तर हजारांवर भारतीय परत आणावे लागले, २०२० च्या कोरोनात पुन्हा विमाने भरून आली. पुढेही येतील.

जुलैत त्यांच्या खाचरात चारसूत्रीची लावणी होती. मी गेलो तेव्हा पोर बांधावर छत्री घेऊन उभे. चुलत्याची मुले चिखलात, हे कोरडे. मी इंग्रजीचे नाव काढले नाही. ब्रिकेटची पिशवी त्याच्याकडे दिली आणि दाखवले : चार चुडांच्या मधोमध एक गोळी, बोटांनी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची, पुढचा चौकोन सोडायचा. पहिला पाय चिखलात गेला तेव्हा ते किंचाळले. मुले हसली. आजी ओरडली, "हसू नका रे, तुमचा पण पहिला दिवस होता!" मग ते मोजत निघाले, वन, टू, थ्री. चुलतभाऊ मागून एक, दोन, तीन. कुठेतरी दोघांचा हिशोब चुकला आणि त्यावरून भांडण झाले. भांडण झालेले बघून मला बरे वाटले. पाहुण्याशी कोणी भांडत नाही.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. आई सांगते, रात्री विचारते, घरी कधी जायचे. शाळेने चौथीत बसवले आहे, पण कागद पुरे होईपर्यंत तोंडी. वकिलातीचा दाखला अजून टेबलावरच पडून आहे. मंगळवारी मी त्या गावात आहे, कलम २० ची प्रत घेऊन जाणार आहे. भाऊसाहेबांनी त्या दिवशी कार्यालयात थांबावे, एवढी विनंती.