रेषेबाहेरचा हिशेब
बास्केटजवळून घेतलेल्या 100 शॉटपैकी 50 पडले, तर 100 गुण. तीन गुणांच्या रेषेबाहेरून 35च पडले, तरी 105. या हिशेबाने बास्केटबॉल बदलला. एनबीएच्या 2015-16च्या हंगामात स्टीफन करी या खेळाडूचे 402 थ्री-पॉइंटर पडले. मला या जादा गुणांहून मोठा लाभ वेगळाच दिसतो. बाहेर नेमबाज उभा असला की बचाव फाकतो आणि आत शिरायला वाट मिळते. उंची बेताची असलेल्या आपल्या मुलामुलींना हे वरदानच आहे. मात्र 6.25 मीटरवरची आंतरराष्ट्रीय रेषा 2010 मध्ये 6.75 मीटरवर गेली. जुन्या रेषेवरचा सराव सामन्यात दगा देतो. अथाल-सिल्वासाच्या शाळांना आग्रहाची विनंती: या सुट्टीत मैदानावरची रेषा मोजून घ्या, गरज असेल तर नव्याने आखा.