डाएटिशियन व्हायचंय? मग वॉर्डातलं शिक्षण मागा

पदवीचे निकाल लागले की ओळखीतले पालक हमखास विचारतात, “डॉक्टर, मुलगी डाएटिशियन व्हायचं म्हणते. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पुरेल की एम.एस्सी. करू द्यावी?” माझं उत्तर स्पष्ट आहे. एम.एस्सी.च करू द्या, आणि तीही अशा ठिकाणी, जिथे रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहून शिकायला मिळतं. आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या मुलींसाठी हे जास्तच महत्त्वाचं आहे. का, ते आज पाहू.

वजन कमी करण्यापलीकडचं काम

डाएटिशियन म्हणजे वजन उतरवण्याचा तक्ता देणारी व्यक्ती, असा आपल्याकडे समज आहे. खरं काम वेगळं आहे. रुग्णाचा आजार, त्याची औषधं, रक्ताचे रिपोर्ट आणि त्याच्या घरची चूल या चारही गोष्टींचा मेळ तिला घालायचा असतो. “साहेब, गोयी समजली, पन खाऊ काय?” हा प्रश्न ओपीडीत रोज येतो. बाहेर साठ माणसं थांबलेली असताना डॉक्टर त्याचं उत्तर दोन मिनिटांत देतो. त्यासाठी खरं तर अर्धा तास लागतो.

किडनीच्या रुग्णाचं उदाहरण घेऊ. वरूड-मोर्शीची संत्री, नारळपाणी, केळी, टोमॅटो हे सगळं निरोगी माणसाला उत्तम. पण किडनी कमजोर झाली आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असेल, तर हेच पदार्थ हृदयाचे ठोके बिघडवू शकतात. बीपीसाठी म्हणून विकत घेतलेल्या ‘लो सोडियम’ मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. प्रथिनांचं गणित तर आणखी अवघड. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी किलोमागे साधारण 0.6 ते 0.8 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 36 ते 48 ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की गरज वाढून 60 ते 72 ग्रॅमवर जाते. आधी “वरण कमी घ्या” सांगितलं होतं, त्याच माणसाला आता “वाढवा” सांगावं लागतं. कालचा तक्ता आज चालत नाही. हे ॲपला कळत नाही आणि तीन महिन्यांत शिकवताही येत नाही.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. या गावांतून किडनीच्या तक्रारी वर्षानुवर्षे मांडल्या जात आहेत. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सुपर स्पेशालिटीत, किडनी प्रत्यारोपणही होतं. म्हणजे आहाराचा हा विषय इथे केवळ पुस्तकातला नाही.

दुसरं टोक मेळघाटाचं. तीव्र कुपोषित बालकाला पहिल्याच दिवशी पोटभर पौष्टिक खाऊ घालणं धोक्याचं असतं. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार कोसळू शकतात आणि मूल दगावू शकतं. म्हणून सुरुवातीला एफ-75 हे दूध, 100 मिलीला 75 किलोकॅलरी, थोडं थोडं आणि वारंवार दिलं जातं. मूल स्थिरावल्यावर एफ-100 सुरू होतं. हा क्रम पाठ करणं सोपं आहे. मूल दूध ओढत नाही, आई रात्रभर जागी आहे आणि घरी पाठवल्यावर काय शिजणार हे तिलाच ठाऊक नाही, अशा वेळी काय करायचं ते वॉर्डातच कळतं.

नियम बदलले, जागांचं काय?

2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट यांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतलं आणि त्यांच्या नोंदणीची तरतूद केली. त्याच धाग्याने यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्स, तसंच अन्न व पोषण विज्ञान या विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश थांबवले.

मला हा निर्णय योग्य वाटतो. रुग्णाला हात न लावता डॉक्टर होता येत नाही, तसं रुग्णाच्या ताटात न डोकावता डाएटिशियनही होता येत नाही. पण हा निर्णय अर्धाच आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरची लग्न झालेली किंवा नोकरी करणारी मुलगी मुंबई-पुण्याच्या वसतिगृहात दोन वर्षं राहू शकत नाही. तिच्यासाठी दूरस्थ शिक्षण हेच एक दार होतं. ते बंद करताना जवळपास दुसरं उघडायला हवं.

ते उघडता येईल. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात गृहविज्ञानाचा पदव्युत्तर विभाग आहे. अकोल्यात 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीतही ते 2024 मध्ये सुरू झालं. विद्यापीठाने आणि या रुग्णालयांनी रीतसर करार करावा आणि डायलिसिस, मधुमेह, प्रसूती, बालरोग आणि कर्करोग या विभागांत विद्यार्थिनींची सक्तीची पाळी लावावी, असं माझं मत आहे. आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांच्यासाठी पदंही हवीत. तालुक्याच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ नसेल, तर शिकलेली मुलगी शेवटी शहरात जाऊन वजन कमी करण्याचे तक्तेच विकणार.

प्रवेश घेण्यापूर्वी हे विचारा

* दोन वर्षांत प्रत्यक्ष रुग्णालयात किती आठवडे आणि कोणत्या विभागांत काम करायला मिळेल?
* पदवी आणि तुमचा आधीचा विषय इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ परीक्षेच्या पात्रतेत बसतो का? ही संस्था 1963 पासून काम करते. तिच्या अटी स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.
* शिकवणाऱ्यांपैकी कोणी रुग्णालयात डाएटिशियन म्हणून काम केलं आहे का?

या प्रश्नांना गुळमुळीत उत्तरं मिळाली तर फी भरण्याआधी थांबा.

आपलं ताट आपल्याच मुलींना कळतं

मोठ्या शहरातून छापून आलेल्या तक्त्यात ओट्स, ब्रोकोली आणि ग्रीक योगर्ट असतं. आपला रुग्ण तो कागद घडी करून खिशात ठेवतो आणि घरी जाऊन नेहमीचंच जेवतो. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी, पाहुणे आले की रोडगे आणि एकादशीला साबुदाणा, हे ताट ज्या मुलीने लहानपणापासून पाहिलं आहे, तीच त्यात नेमका बदल सुचवू शकते. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या आजीला “उपास सोडा” म्हणण्याऐवजी साबुदाण्याच्या जागी काय आणि किती, आणि त्या दिवशी गोळीचं काय हे डॉक्टरांना विचारून घ्या, असं ती सांगेल. आजी तिचं ऐकेलही.

म्हणून पालकांना एवढंच सांगेन. मुलीला या क्षेत्रात जरूर पाठवा, पण स्वस्त आणि झटपट प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. तिच्या सल्ल्यावर उद्या एखाद्याचं पोटॅशियम अवलंबून असेल, हे लक्षात ठेवूनच कॉलेज निवडा.