पृथ्वीसारखी, पण पृथ्वी नव्हे

मुलांनो, माझा एक जुना विद्यार्थी आता आठवीत आहे. परवा बाजारात भेटला आणि म्हणाला, "बाई, चंद्रावर उतरणं म्हणजे काही विशेष नाही हो. मी सुट्टीत चार वेळा उतरलो! मग आपल्या लोकांना एवढी वर्षं का लागली?"

त्याचा चंद्र होता व्हिडिओ गेममधला. त्या चंद्राचं नाव मुन, आणि हा पठ्ठ्या ज्या ग्रहावरून निघाला त्याचं नाव कर्बिन. खेळाचं नाव 'कर्बल स्पेस प्रोग्राम'. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीत फेलिपे फालांगे या तरुणाने तो रचला आणि २०११ च्या जून महिन्यात तो पहिल्यांदा लोकांच्या हाती आला. हे फालांगेमहाशय मुलगे असताना पत्र्याच्या छोट्या बाहुल्या फटाक्यांवर बसवून उडवायचे. त्या बाहुल्यांना त्यांनी नाव ठेवलं होतं 'कर्बल'. (दिवाळीत तुम्ही हा उद्योग करायचा नाही, आधीच सांगून ठेवते!) खेळातले कर्बल हिरव्या रंगाचे, बुटके आणि मोठ्या डोळ्यांचे. आपण सुटे भाग जोडून रॉकेट बनवायचं, त्यात त्यांना बसवायचं आणि सोडायचं.

आता हा कर्बिन दिसतो अगदी आपल्या पृथ्वीसारखा. निळे समुद्र, हिरवी जमीन, वाळवंटं, दोन्ही ध्रुवांवर पांढरंशुभ्र बर्फ. जमिनीवर गुरुत्वाकर्षणही आपल्याइतकंच. समुद्रकाठी हवेचा दाबसुद्धा तोच. तिथे उडी मारलीत तर इथल्याएवढीच उंच जाईल. मग फरक कुठे आहे?

फरक आहे आकारात. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. कर्बिनची फक्त ६००! म्हणजे आपल्या चंद्रापेक्षाही तो लहान, कारण चंद्राची त्रिज्या १,७३७ किलोमीटर आहे. कर्बिनला विषुववृत्तावरून पूर्ण फेरी मारायची तर सुमारे ३,७७० किलोमीटर जावं लागेल. भूगोलाच्या पुस्तकात भारताची उत्तर-दक्षिण लांबी दिलेली असते ना, ३,२१४ किलोमीटर? त्याहून थोडंसंच जास्त. समुद्रात पाय बुडवून उभे राहिलात आणि तुमचे डोळे पाण्यापासून सव्वा मीटरवर असतील, तर आपल्याकडे क्षितिज सुमारे चार किलोमीटरवर दिसतं. कर्बिनवर ते सव्वा किलोमीटरवरच येईल. होडी निघाली की थोड्याच वेळात बुडाल्यासारखी दिसणार!

इथे हुशार मुलं लगेच हात वर करतील. चंद्र पृथ्वीहून लहान, म्हणून त्याचं गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश. मग चंद्राहून लहान असलेल्या कर्बिनवर ते आपल्याएवढं कसं? बरोबर पकडलंत. एवढ्याशा गोळ्यात एवढी ओढ आणायची, तर त्यात माल ठासून भरायला हवा. हिशेब केला तर उत्तर फार गमतीचं येतं. एक लीटरचा तांब्या घ्या. पाण्याने भरला तर आत एक किलो वजन. पृथ्वीचं सरासरी द्रव्य, म्हणजे दगड आणि लोखंड सगळं मिळून, भरलं तर साडेपाच किलो. सोन्याने भरला तर एकोणीस किलोच्या वर. आणि कर्बिनच्या द्रव्याने भरला तर अठ्ठावन्न किलो! ऑस्मियम नावाचा धातू सगळ्यांत जड मानतात, पण त्याचाही तांब्या साडेबावीस किलोच्या आसपासच राहतो. थोडक्यात, कर्बिन ज्याचा बनलाय असा दगड किंवा धातू आपल्याला माहीतच नाही. हा ग्रह फक्त पडद्यावरच असू शकतो.

मग असा अशक्य ग्रह केला कशाला? खेळणारा कंटाळू नये म्हणून. शंभर किलोमीटर उंचीवर राहून कर्बिनभोवती फिरायचं तर सेकंदाला सव्वादोन किलोमीटर वेग पुरतो आणि तेहतीस मिनिटांत एक चक्कर होते. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरायला सेकंदाला जवळजवळ ७.८ किलोमीटर वेग लागतो आणि एका चकरेला दीड तास. वेग साडेतीन पट झाला की ऊर्जा साडेतीन पट लागत नाही, बारा पट लागते. वर इंधनाचं दुखणं आहेच. समजा तुम्ही बैलगाडी घेऊन लांबच्या गावाला निघालात आणि वाटेत कुठेच चारा मिळणार नाही. मग कडबा गाडीतच भरायला हवा. कडब्याचं ओझं वाढलं, म्हणून आणखी बैल. त्या बैलांसाठी आणखी कडबा! रॉकेटचं अगदी असंच होतं. इंधन वाहून न्यायला इंधन लागतं. चांद्रयान-३ होतं सुमारे ३,९०० किलोचं, म्हणजे चार टनांच्या आतलं. ते नेणारं एलव्हीएम-३ रॉकेट निघताना ६४० टनांचं होतं. आता अंतर बघा. कर्बिनपासून मुन १२,००० किलोमीटरवर, आपल्यापासून चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर. चांद्रयान-३ निघालं १४ जुलै २०२३ ला आणि उतरलं २३ ऑगस्टला.

अजून एक गोष्ट. खेळात यान आपटलं तर एक बटण दाबायचं की ते पुन्हा उड्डाणाच्या जागी उभं! सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं विक्रम चंद्रावर आदळलं. पुन्हा प्रयत्न करायला चार वर्षं गेली. काय चुकलं ते शोधायचं, बदल करायचे, चाचण्या घ्यायच्या आणि तोपर्यंत लोकांचे प्रश्नही ऐकायचे. आठवीतल्या त्या मुलाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं.

तरी मला स्वतःला कर्बिनवरची सर्वांत आवडलेली गंमत वेगळीच आहे. शाळेतला पृथ्वीगोल तिरका का बसवलेला असतो, असं चौथीतली मुलं दरवर्षी विचारतात. पृथ्वीचा आसच साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून. कर्बिनचा आस मात्र सरळ. त्यामुळे तिथे ऋतूच नाहीत! उन्हाळा नाही, हिवाळा नाही, उत्तरायण नाही, दक्षिणायन नाही. दिवस सहा तासांचा. त्यात तीन तास उजेड आणि तीन तास अंधार, वर्षभर असंच. जूनची वाट बघायची नाही, कारण तिथे पाऊसही पडत नाही. आणि आंबे कधी लागायचे, ते कर्बल लोकांनाच विचारायला हवं.

मुनही कर्बिनभोवती अगदी सरळ, न कललेल्या मार्गाने फिरतो. म्हणून तिथे दर अमावास्येला सूर्यग्रहण! मुनची एक फेरी एकोणचाळीस तासांच्या आतच पुरी होते, म्हणजे आपल्या दोन दिवसांपेक्षाही कमी वेळात ग्रहण लागणार. आपल्या चंद्राचा मार्ग पाच अंशांनी तिरका आहे, म्हणून बहुतेक अमावास्यांना तो सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. तेवढ्या पाच अंशांमुळे आपल्याकडे ग्रहण ही बातमी होते. तिथे कोणी मान वर करूनही बघणार नाही.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मूल तासन्‌तास पडद्यासमोर बसलं तर ओरडायला हवंच, त्यात मी तुमच्या बाजूची. पण हा खेळ खेळत असेल तर आधी शेजारी बसा आणि "हे यान खाली का पडत नाही?" एवढंच विचारा. पोरगं समजावून सांगू शकलं तर तो वेळ वाया गेलेला नाही. २०२० मध्ये युरोपीय अवकाश संस्थेच्या मदतीने रोझेटा आणि बेपीकोलंबो या खऱ्या मोहिमाही या खेळात आल्या होत्या.

आता पाटी-पेन्सिल घ्या. कर्बिनचं वर्ष ४२६ दिवसांचं असतं, पण दिवस सहा तासांचे. म्हणजे आपले साधारण साडेएकशे सहा दिवस झाले, की तिथला वाढदिवस! दहा वर्षांचा मुलगा तिथे चौतीस वर्षांचा होईल. तुमचं वय काढा. मग आजीचं काढा आणि तिला सांगा. ती काय म्हणाली ते मला पत्राने कळवा. माझं वय मात्र कोणी काढायचं नाही.