अद्ययावतीकरणाचा हंगाम कोणता?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मदत थांबवली आणि लहानमोठ्या कार्यालयांपुढे दोन पर्याय उभे राहिले: नवे संगणक घ्यायचे किंवा आहे त्याच यंत्रांवर लिनक्स बसवायचे. लिनक्सच्या बाजूने दोन मुद्दे नेहमी सांगितले जातात. परवान्याचे शुल्क नाही आणि जुन्या यंत्रावरही ती बरी चालते. दोन्ही खरे आहेत. मात्र त्यांच्या आडून एक तिसरे गृहीत शिरते, ते म्हणजे एकदा बसवली की या प्रणालीकडे पाहावे लागत नाही. पतसंस्था, नागरी बँका, दूध संघ आणि साखर कारखाने यांच्या जाळ्यावर उभ्या असलेल्या कोल्हापूरसारख्या जिल्ह्याला हे गृहीत महागात पडू शकते.

ऑगस्ट २०१८ मधील पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील दरोडा या भागाला नवा नाही. ९४ कोटींहून अधिक रुपये गेले आणि २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. देशांतर्गत काढलेल्या रकमेचा काही भाग कोल्हापुरातील एटीएममधून गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सुरक्षा यंत्रणांनी याच धाटणीच्या एटीएम लुटींबाबत एक इशारा प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या प्रकरणांत बँकांच्या व्यवहारांना मंजुरी देणारे सर्व्हर ‘एआयएक्स’ या युनिक्स कुळातील प्रणालीवर चालत होते, आणि त्या सर्वांच्या आवृत्त्या मदतीची मुदत उलटून गेलेल्या होत्या. चोर त्या जुनेपणाच्याच फटीतून शिरले, असा पुरावा मात्र मिळाला नाही, हेही त्याच इशाऱ्यात नमूद आहे. तरीही ज्या यंत्रावर कोट्यवधींची उलाढाल होते, त्याचीच देखभाल मुदतबाह्य असावी, हे चित्र बोलके आहे.

मुळात हे काम अवघड का ठरते? लिनक्सवरील बहुतेक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’च्या रूपात येते आणि वितरकाच्या भांडारातून, त्याच्या डिजिटल सहीनिशी उतरवले जाते. डेबियन किंवा उबंटूवर ‘अ‍ॅप्ट अपडेट’ ही आज्ञा दिली की फक्त भांडाराची यादी ताजी होते. यंत्रावरचे एकही पॅकेज बदलत नाही. प्रत्यक्ष बदल करते ती ‘अ‍ॅप्ट अपग्रेड’. नावांच्या या साधर्म्यामुळे पहिली आज्ञा देऊन काम झाले असे समजणारे कमी नाहीत. त्यातही बसवलेले एखादे पॅकेज काढून टाकावे लागणार असेल, तर साधे ‘अपग्रेड’ त्या पॅकेजला हात न लावता मागे ठेवते. पडद्यावर तशी एक ओळ येते आणि ती सहसा कोणी वाचत नाही.

खरी गफलत याच्या पुढे होते. अनेक कार्यक्रम एकच सामाईक लायब्ररी वापरतात. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला तो ओपनएसएसएल या अशाच लायब्ररीत. दुरुस्त फाइल डिस्कवर आली, तरी आधीपासून चालू असलेला कार्यक्रम स्मृतीतील जुनीच प्रत वापरत राहतो. तो बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही. कर्नलचेही तसेच आहे. चालत्या यंत्रावर कर्नल दुरुस्त करण्याची खास सोय नसेल, तर यंत्र पुन्हा सुरू करावेच लागते. तीन वर्षे एकदाही बंद न पडलेला सर्व्हर कौतुकाने दाखवला जातो, तेव्हा त्या कौतुकाकडे जरा साशंकतेने पाहिलेले बरे.

याच्या उलट बाजूचा गैरसमज लेखापरीक्षणात दिसतो. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती बहुधा जुन्याच आवृत्तीत मागे आणून बसवली जाते. मूळ आवृत्ती क्रमांक तोच राहतो, शेपटीचा आकडा तेवढा बदलतो. मुख्य क्रमांक पाहून ‘सॉफ्टवेअर कालबाह्य’ असा शेरा मारणे सोपे आहे आणि अनेकदा चूकही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घातली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांची चार स्तरांत विभागणी केली. दुरुस्त्या वेळेवर बसवणे हा त्या अपेक्षांचा भाग आहे. प्रश्न असा की, लहान बँकेत ही दुरुस्ती खरोखर लागू झाली की नाही, हे पाहण्याइतके ज्ञान नेमके कोणाकडे असते?

जे जे नवे ते ते सुरक्षित, हेही खरे नाही. २९ मार्च २०२४ रोजी ‘एक्सझेड’ या दाबणी साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. तो पोहोचला होता तो डेबियनच्या चाचणी शाखेसारख्या, सर्वांत ताज्या वितरणांत; डेबियनच्या स्थिर आवृत्तीत त्या आवृत्त्या आलेल्याच नव्हत्या. बँकेच्या सर्व्हरवर स्थिर शाखा, तिच्या सुरक्षा दुरुस्त्या तातडीने आणि बाकीचे बदल आधी वेगळ्या यंत्रावर तपासून, हा मध्यममार्ग त्यामुळेच रूढ झाला.

स्थिर शाखेलाही आयुष्य असते. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत मदत मिळेल, या भरवशावर अनेकांनी ती बसवली होती. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने निर्णय फिरवला आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ती संपली. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला सरली. फुकट मिळालेल्या प्रणालीचे वेळापत्रक दुसऱ्याच्या हाती असते, ही गोष्ट बऱ्याच कार्यालयांना तेव्हा उमगली.

यंत्रे घेण्यास पैसा आणि सांभाळण्यास नाही, ही अडचण वारणा खोऱ्याने फार आधी पाहिली आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, त्याचा देशभर गाजावाजा झाला. पुढे संगणक केंद्रांचा मुख्य उपयोग उसाच्या नोंदींपुरताच उरला. संगणकांची देखभाल खर्चिक ठरत गेल्यावर काही गावांत मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या प्रयोगातून तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर आणले गेले.

कारखान्यांना देखभालीचे महत्त्व कळत नाही, असे म्हणता येणार नाही. गळीत हंगाम संपला की पावसाळ्यात यंत्रसामग्री खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवली जाते. त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला असतो. वजनकाट्याचा किंवा ऊसबिलांचा सर्व्हर त्या यादीत असतो का, हे संचालकांनी एकदा पाहावे. बँकांना असा हंगाम नाही. त्यांना रात्रीचे दोन-तीन तास, आधी घेतलेली आणि परत चढवून पाहिलेली बॅकअप प्रत आणि जागा असलेला माणूस, एवढे तरी लागते. सेवा पुरवठादाराशी होणाऱ्या वार्षिक करारात ‘देखभाल’ या एका शब्दात हे सारे गुंडाळलेले असते. कोणत्या प्रणालीची कोणती आवृत्ती, तिची मुदत कधी संपते आणि दुरुस्ती आल्यापासून किती दिवसांत ती बसवायची, हे तीन रकाने करारात असतील, तर पुढच्या वादाला थोडी जागा कमी राहील. उबंटू २२.०४ ची सर्वसाधारण मुदत २०२७ पर्यंत, तर डेबियन १२ ची दीर्घकालीन मदत जून २०२८ पर्यंत आहे.